उत्तरेचा खडक

परवापासून ते पांढरं जहाज पुन्हा दिसतंय. किनाऱ्यावरून नखाएवढंच दिसतं, पण शेत नांगरावं तसं इकडून तिकडे आणि तिकडून इकडे फिरतं. मी ओट्यावर बसते, उठते, गॅस बंद केलाय का बघून येते, परत बसते. नात म्हणाली, "आजी, तुझ्या पायाला भिंगरी आहे का?" पायाला नाही, डोक्यात आहे. ज्या माणसामुळे आहे त्याच्याबद्दल लिहून काढलं तर निदान हात तरी एका जागी बसतील, म्हणून वही काढली.

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. गावाचंही नाही. सातपाटीच्या उत्तरेला, दांडीच्या अलीकडे, एवढं पुरे. आणि मी उत्तर म्हटलं म्हणजे ती उत्तरच असेल असं समजू नका. त्यांच्या घरात दोन वर्षं भाड्यानं राहिलेली बाई आहे मी, थोडा गुण लागणारच.

सगळे त्यांना तांडेल म्हणत. तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य, सुकाणू ज्याच्या हातात तो. तसे गावात बोटी तेवढे तांडेल होते, पण नुसतं "तांडेल" म्हटलं की हेच. मी तेवीस वर्षांची, नवीकोरी शाळामास्तरीण. माहेर चार मैलांवर, पानवेली आणि केळींच्या वाडीत. भरतीचा आवाज आमच्या न्हाणीघरापर्यंत यायचा, पण समुद्राशी माझी ओळख पाय भिजवण्यापुरती. तरी मला वाटायचं, या लोकांना शहाणं करायला सरकारनं मलाच निवडून पाठवलंय.

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "तांडेल, आज कुठं चाललात?"

त्यांनी हनुवटी उत्तरेकडे उचलली. "खडकाकडं."

उत्तरेला पाण्याखाली एक खडक आहे. संध्याकाळी पापलेटांच्या पाट्या आल्या. कुठली मासळी, म्हणून विचारलं, तर "खडकाकडली". शेजारचा तांडेल, त्याच्या शेजारचा, सगळ्यांची मासळी खडकाकडली. मी इतकी भारावले की चौथीच्या वर्गाला परिसर शिकवताना फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'आपल्या गावाला सर्वांत चांगली मासळी उत्तरेच्या खडकाजवळ मिळते.' वर्ग हसून हसून बाकांवरून घसरला. शेवटी पुढच्या बाकावरच्या एका मुलीला माझी दया आली.

"बाई, ती खोटं सांगायची जागा हाय. तिथं जालं टाकलं तर फाटतं."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

मासळीची जागा कुणी कुणाला सांगत नाही, ही तिथली रीत. बाप सुकाणू सोडतो त्या दिवशी मुलाला सांगतो. तोवर मुलालाही नाही. ही रीत सगळेच पाळत, पण तांडेलांनी तिचा अगदी कळस केला होता. बंदरातून निघताना आधी उत्तरेला जायचे, बाकीच्या बोटी पांगेपर्यंत. जागा जवळ आली की खलाशांना किनाऱ्याकडे पाठ करून बसवायचे. झोपेत बरळलो तर, या भीतीनं बायकोपासून लांब अंगणात झोपायचे. त्यांची बायको मला म्हणाली होती, "मास्तरीण, सवत असती तर केस उपटलं असतं. दर्यातल्या भोकाचं काय उपटू?"

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर काचेच्या अकरा बाटल्या होत्या. प्रत्येकीत ओला गाळ, कुठे काळा, कुठे राखाडी, एकीत शंखांचा चुरा. पाण्याची खोली मोजायला दोरीला शिशाचा गोळा बांधून सोडतात, आणि त्याच्या बुडाला साबण फासतात, म्हणजे तळाची माती चिकटून वर येते. ती माती तांडेल बोटावर घेत, हुंगत, मग जिभेच्या टोकाला लावत आणि डोळे मिटत. आमच्या वाडीत माझे काका पान खाऊन ते कुठल्या वाफ्यातलं हे सांगत, त्याच तोंडानं. आवडलेली माती बाटलीत जायची.

आता माझा पराक्रम ऐका. गणपतीच्या आधी तांडेलांची बायको माहेरी गेली होती. 'भाडेकरू असले म्हणून काय झालं, घर आपलंच' अशा उदात्त विचारानं मी पदर खोचला आणि अकराही बाटल्या सोडा घालून चकाचक धुतल्या. उन्हात वाळवल्या. एकीत साखर, एकीत मीठ, बाकीच्यांत डाळी. वर चिठ्ठ्या चिकटवल्या, सुवाच्य अक्षरांत.

तांडेल आले. फळीकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, बोलायला शब्द सापडत नाहीत इतके खूश झालेत.

"मास्तरीण," ते म्हणाले, "वीस वरसांचा दर्या धुतलास."

ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी रडून मोकळी झाले असते. त्यांनी फक्त साखरेची बाटली उचलली, झाकण उघडलं, बोट घातलं, जिभेला लावलं आणि डोळे मिटले. "ही जागा आपल्याला नाय म्हाईत," म्हणाले, आणि आंघोळीला गेले.

त्याच वर्षी ताडाचं प्रकरण झालं. माझ्या काकांच्या वाडीच्या टोकाला एक म्हातारा ताड होता, मान वाकडी झालेला. काका तो तोडायला निघाले. हे तांडेलांना कुणी सांगितलं कोण जाणे, पण हा माणूस भर दुपारी चार मैल चालत वाडीत हजर. म्हणाले, झाड मला द्या. काका म्हणाले, न्या तोडून. तांडेल म्हणाले, नेणार नाही, इथंच उभं राहू दे, पण माझं. काकांना वाटलं ताडीचा बेत असेल. पण ताडी नाही, फळं नाहीत, काही नाही. दर महिन्याला यायचे, बुंध्याला हात लावायचे, वर शेंड्याकडे बघायचे आणि जायचे. काका म्हणाले, "तुझा घरमालक सुटलाय गं."

मला मात्र साक्षात्कार झाला. शाळेच्या हस्तलिखितात मी लेख लिहिला, 'आमचे वृक्षप्रेमी तांडेल'. त्यात 'लाटांवर स्वार होणाऱ्या या राकट देहात एक हळवे हिरवे काळीज आहे' असं एक वाक्य होतं. अजून आठवलं की मी एकटी असले तरी तोंडावर पदर घेते. लेख गावभर वाचला गेला. तांडेल आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी अंगणात चार रोपं लावताना दिसले, सगळ्यांना दिसतील अशी, आणि ते वर्षभर मिळेल तिथे झाडं लावत सुटले. मी समजले, माझ्या लेखणीची ताकद. ते लपवत काय होते, हे कळायला मला चाळीस वर्षं लागली.

मधल्या काळात माझं त्याच गावात लग्न झालं, मुलं झाली, मी मुख्याध्यापिका झाले, निवृत्त झाले. बोटींवर जीपीएस आलं. तरणे तांडेल आपापल्या जागा यंत्रात साठवू लागले आणि परका माणूस बोटीवर चढला की यंत्रावर फडका टाकू लागले. आमच्या तांडेलांनी यंत्र घेतलं नाही. "चुगलखोर हाय ता," म्हणायचे. फळीवर पुन्हा बाटल्या जमल्या होत्या आणि मी घरात शिरले की त्यांची बायको फळीसमोर आडवी उभी राहायची.

त्यांचा एकुलता मुलगा बोईसरला कारखान्यात लागला. बारा वर्षं बापाच्या बोटीवर पाठ फिरवून बसला, मग एक दिवस म्हणाला, "बाबा, माझ्यावर भरोसा नाय तर मी बोटीवर कशाला?" तांडेल म्हणाले, "येल झाली की सांगन." मुलगा कंपनीच्या बसमध्ये चढला. तांडेल दुसरे खलाशी घेऊन समुद्रावर जात राहिले, पंच्याहत्तरी उलटेपर्यंत. जागा मुलासाठी राखून ठेवली होती, आणि मुलाला मात्र सांगितली नव्हती.

सहा-सात वर्षं झाली असतील, ते पांढरं जहाज पहिल्यांदा दिसलं. मग ग्रामपंचायतीच्या फलकावर कागद लागला. समुद्रतळाच्या वाळूत जड खनिजं आहेत का, त्यात सोनं आहे का, हे एक कंपनी बघणार. त्यासाठी नकाशावर चौकट आखून दिलेल्या भागात तळाला भोकं पाडणार. कुणाची हरकत असल्यास पालघरच्या कार्यालयात मांडावी.

सोनं! आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता. बाजारात मासळीच्या पाटीमागे बसलेली एक म्हणे, "सोना निघालं तर पाटी तुज्या डोक्यावर मारीन आन् गाडीतनं फिरन." पोरं जाळ्यातला चिखल ताटात धुऊन बघू लागली. शेवटी चारजण तांडेलांकडे गेले. ब्याऐंशीचे झाले होते, डोळ्यांत मोतीबिंदू, पण जीभ शाबूत.

"तांडेल, खरंच सोना असल काय तिथं?"

"साठ वरसं चाटतो हाय. असता तर दात सोन्याचं झालं असतं." मग म्हणाले, "त्यांना काय मिलल त्याचं सोडा. भोकं पाडतील, तलाचा गाल उडल, हिवाल्यात पोटुशी मासली येते ती कुठं बसल?"

सोन्याचा ताप तिथं उतरला. हरकत घ्यायची ठरली. मग प्रश्न आला, मासेमारी कुठे होते हे दाखवायचं कसं? नकाशा हवा. नकाशा कोण काढणार? अर्थात निवृत्त मुख्याध्यापिका.

मी चौसष्ट वर्षांची होते. त्या वयात माणसाला आपण आता वेडेपणा करत नाही असा भ्रम होतो. मी भलामोठा कागद आणला, रंगीत पेन्सिली टोकदार केल्या आणि एकेका तांडेलाला घरी बोलावलं. प्रत्येकजण दार लोटून घ्यायचा, खुर्ची जवळ ओढायचा आणि माझ्या कानात आपली जागा सांगायचा. कुणी खुणांनी, कुणी आकड्यांनी. मी मांडत गेले. आणि काय सांगू, सगळे ठिपके एकमेकांना खेटून! भांडकुदळ गाव, पण समुद्राच्या बाबतीत केवढा एकोपा. मला भरून आलं. खाली वळणदार अक्षरांत 'ग्रामस्थांचे पारंपरिक मासेमारी क्षेत्र' लिहिलं आणि सुनावणीत स्वतः सादर केलं.

कंपनीचा तरुण माणूस उठला. आपला नकाशा माझ्या नकाशाशेजारी ठेवला. फार गोड बोलला. "बाईंचे आम्ही आभारी आहोत. ग्रामस्थांची मासेमारी उत्तरेला, या खडकाजवळ होते. आमची चौकट तिथून बरीच दक्षिणेला आहे. म्हणजे हरकतीचा प्रश्नच राहत नाही."

मी मागे वळून बघितलं. तीन रांगा भरून तांडेल बसले होते आणि सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते. चौथीच्या वर्गातली पुढच्या बाकावरची ती मुलगी आता स्वतः आजी झालेली, तीही आली होती. तिनं नुसता कपाळाला हात लावला.

अधिकारी भला माणूस. म्हणाला, दुरुस्ती करायची असेल तर पंधरा दिवस देतो.

गावात परतल्यावर मी एकेकाला धरलं. "अरे, खोटं का सांगितलंत?" उत्तर एकच. मी खरी सांगायची आणि शेजारच्यानं खोटी, मग माझी जागा गेली ना, बाई! प्रत्येकाला वाटलं होतं, खरं सांगणारे बाकीचे असतील. दहा दिवस गेले, एकही जण हलला नाही. समोर ते जहाज फेऱ्या मारतंय आणि माझ्या टेबलावर माझ्याच हातचा तो मूर्ख कागद. पेन्सिलींना टोक करायची आणि टोक मोडायची, दुसरं काम नव्हतं.

अकराव्या दिवशी तांडेल आले, काठी टेकत. सोबत मुलगा, कारखान्याच्या खाकी कपड्यांत.

"पेन्सिल हाय?"

"आहे."

"मग लिव. तुझ्या काकांच्या वाडीतला माझा ताड..."

तो वाकड्या मानेचा ताड! समुद्रावरून त्या ताडाचं डोकं मागच्या डोंगराच्या टोकावर बसलं की ती एक रेघ. गावच्या देवळाचा कळस तारापूरच्या वीजकेंद्राच्या चिमणीला लागला की ती दुसरी. दोन्ही रेघा एकमेकींना कापतात तिथं काळा मऊ गाळ, आणि हिवाळ्यात अंड्यांवर आलेली मासळी. हिवाळ्याचे ते चार महिने तांडेल स्वतः तिथं जाळं टाकत नसत, लांबून वळसा घालून येत. मी कागदावर रेघा मारल्या. दोन्ही कंपनीच्या चौकटीत, अगदी मधोमध मिळाल्या.

मुलगा भिंतीला टेकून उभा होता. "बारा वरसं मी तिकडं पाठ करून बसलो. आन् आज कागदाला सांगता, बाबा? सगल्या गावाला?"

"तुझ्यासाठीच ठेवली होती."

"मग आता माझ्यासाठी काय राह्यलं?"

तांडेलांनी काठीची मूठ कागदाकडे वळवली. "कंपनीनं खणली तर जागाच जाते. गाववाल्यांनी लुटली तर मासली जाते. मासली परत येते, पोरा. जागा परत येत नाय."

पोरगा पन्नाशीचा होता. बाहेर ओट्यावर जाऊन बसला. पण सुनावणीच्या दिवशी त्यानं पाळी बदलून घेतली आणि बापाला हाताला धरून पालघरच्या कार्यालयाचा जिना चढवला.

तिथं तांडेलांनी सगळ्यांसमोर सांगितलं. ताड, डोंगर, कळस, चिमणी, एकेक करून. मग पिशवीतून बाटली काढून अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवली. "ही तिथली माती. चाखून बगा." साहेबांनी नकारार्थी मान हलवली, पण वास मात्र घेतला. कंपनीचा तरुण म्हणाला, "आजोबा, एका माणसाच्या आठवणीला पुरावा कसं म्हणणार?"

तांडेल मागे वळले. मोतीबिंदूमुळे त्यांना चेहरे दिसत नसणार, तरी रांगेवरून रांगेवर नजर फिरवली. "मी लंगोटी सोडलीय," म्हणाले. "आता तुमी टोप्या तरी काढा."

पहिला उठला तो सगळ्यांत तरणा तांडेल. त्यानं पुढे येऊन खिशातून चिठ्ठी काढली, यंत्रातले आकडे उतरवलेली. त्याचा ठिपका चौकटीत पडला. मग दुसरा. मग एक जण लाजत म्हणाला, "बाई, ता खडकाकडला खोडा, मी नवीन सांगतो." दुपारपर्यंत माझ्या कागदाला भोकं पडली इतकं खोडरबर चाललं.

निकाल काही महिन्यांनी आला. चौकट रद्द झाली नाही, सरकवली. आमच्या जागांपासून दूर, 'तूर्तास'. हा तूर्तास शब्दच मला ओट्यावर बसू देत नाही. परवापासून जहाज नेमकं सरकवलेल्या भागात आहे की अलीकडे आलंय, माझ्या डोळ्यांना कळत नाही. ज्यांना वासावरून कळलं असतं, त्यांना जाऊन चार वर्षं झाली. ती बाटली मात्र माझ्याकडे आहे. मी धुतलेली नाही.

सुनावणीच्या दुसऱ्या दिवसाचं सांगते आणि वही मिटते.

सकाळी मी बंदरावर गेले. तांडेल उपड्या होडीला टेकून बसले होते, शेजारी मुलगा. त्याची बस यायला वेळ होता. बोटी निघायच्या होत्या. आता सगळ्यांना जागा माहीत. आज सगळ्यांचं तोंड कुठे वळणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. मला तिथं उभं राहवेना, पण निघूनही जाववेना.

पहिली बोट निघाली. बंदराच्या तोंडावर येऊन वळली, ती उत्तरेला. दुसरी तिच्यामागून, उत्तरेला. तिसरी, चौथी. ओळीनं सगळ्या खडकाकडे. तांडेलांसमोरून जाताना त्या तरण्या पोरानं मोठ्यानं ओरडून सांगितलंसुद्धा, "खडकाकडं चाल्लो, तांडेल!"

तांडेलांना बोटी धूसर दिसत होत्या. त्यांनी मुलाला विचारलं, "कुठं चाल्लेत?"

मुलगा हात डोळ्यांवर धरून बघत राहिला. लांब, किनाऱ्याच्या टोकापलीकडे, जिथं आपण बंदरावरून दिसत नाही असं त्यांना वाटलं असावं, तिथं पहिली बोट हळूच दक्षिणेला वळत होती. मग दुसरी.

"उत्तरेला, बाबा," मुलगा म्हणाला. "सगले उत्तरेला चाल्लेत."

तांडेल इतके हसले की खोकला लागला. "चोर साले," ते म्हणाले, आणि मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "आता तुलापन जमलं."